दादाची सळई

धाकटा : तरी तू मान डोलावलीस. मी समोरच उभा होतो, दादा.

दादा : डोलावली, मग? गाडी शाबूत आहे म्हणून डोलावली. तो मागच्या चाकाकडचा ठोकळा काढ आता. ड्रायव्हर तोंड धुवून येईल एवढ्यात, आणि गाडी अजून जॅकवरच.

धाकटा : नाही काढत.

दादा : काय?

धाकटा : ठोकळा काढत नाही म्हणालो! आधी सांग, ऐकलंस काय?

दादा : चाळीस वर्षं ऐकतोय तेच. बेअरिंगच्या हाउसिंगला सळईचं एक टोक लावलं, दुसरं कानाला. डोळे मिटले. बेअरिंग छान गुणगुणत होतं. कुरकुर नाही, खडखड नाही. तुला काय नव्याने शिकवायचं का?

धाकटा : गुणगुणत होतं?

दादा : हो.

धाकटा : चाकं फिरतच नव्हती.

दादा : काहीतरी बरळू नकोस.

धाकटा : तू डोळे मिटलेस आणि मी ड्रायव्हरला खूण केली. त्याने गियर काढला. त्याला वाटलं, तूच सांगितलंस. इंजिन चालू, चाकं ठप्प. थांबलेल्या चाकाचं बेअरिंग कसं गुणगुणतं, तेवढं शिकव मला. उशिरा का होईना, शिकतो.

दादा : माझी परीक्षा घेतलीस? तू? तुझा शेंबूड पुसलाय मी.

धाकटा : पंचेचाळीस वर्षांचा घोडा झालोय, शेंबडाचं सोड आता. सळई हल्ली दातात का धरतोस?

दादा : कोण धरतं दातात?

धाकटा : गेल्या आठवड्यात त्या सिमेंटच्या गाडीखाली धरली होतीस. परवा डंपरखाली. आज ड्रायव्हर बघत होता म्हणून कानाला लावलीस. मी मागून हाक मारली की तू वळत नाहीस. वहिनी म्हणते, हल्ली तुझ्या दादाला माझं बोलणं आवडेनासं झालंय. रडते बिचारी.

दादा : हळू बोल. पलीकडचे टायरवाले ऐकतील.

धाकटा : त्यांना ऐकू येतं, दादा. तुझं काय?

दादा : तो पाना दे इकडे.

धाकटा : कधीपासून?

दादा : उजवा गेल्या उन्हाळ्यापासून. तो अजून थोडा आहे. समोर माणूस असला, ओठ दिसले की भागतं. दातातून हाडाला थोडंफार कळतं. अगदीच टाकाऊ नाही झालो.

धाकटा : आणि डावा?

दादा : डावा आधीच गेला.

धाकटा : आधी म्हणजे कधी?

दादा : झाली असतील तीन वर्षं.

धाकटा : तीन.

दादा : एवढ्या वर्षांचा घणाचा आवाज, हॉर्न, सायलेन्सर काढून चालवलेली इंजिनं. लोखंडही झिजतं, कान तर मांसाचा. मी काय मुद्दाम घालवला?

धाकटा : ते लाल ट्रकचं चाक निखळलं, त्याला दोन वर्षं झाली.

दादा : ते कशाला काढतोस आता?

धाकटा : त्या दिवशी चाक मी बसवलं आणि सळई तू लावलीस. कोणत्या कानाला?

दादा : आता काय आठवतंय.

धाकटा : आठवतंय तुला. तोंडाकडे बघून कळतंय. कोणत्या?

दादा : डाव्याच. सवयीचा कान तो. काही ऐकू आलं नाही. वाटलं, आवाज नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

धाकटा : आवाज नाही म्हणजे ठीक आहे!

दादा : ओरडू नकोस.

धाकटा : उतारावर बेअरिंग जळलं, हब फाटलं, चाक निघून गेलं, आणि ते लागून रस्त्यावरच्या त्या माणसाचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. तू ह्याच पटांगणात, ह्याच जागी उभा राहून चार लोकांना काय सांगितलंस? "नट धाकट्याने आवळला होता. हात ढिला आहे त्याचा." त्या दिवसापासून मी ढिल्या. ड्रायव्हर ढिल्या म्हणतात, टायरवाले ढिल्या म्हणतात. माझी पोरगी शाळेतून विचारत आली, बाबा, तुम्हाला ढिल्या का म्हणतात?

दादा : लोक विसरतात रे हळूहळू.

धाकटा : मी नाही विसरलो! दोन वर्षं रोज अंथरुणावर पडलो की तो नट आवळतोय मी. आवळला, पाव फेरा मागे घेतला, नट सुटू नये म्हणून लॉकचं पान वाकवलं. वाकवलं का? वाकवलं होतं. मग परत पहिल्यापासून. कधीकधी वाटायचं, नसेल वाकवलं. त्या माणसाला बघायला दवाखान्यात गेलो, त्याच्या बायकोचे पाय धरले. तिने तोंड फिरवलं. आणि आई गेली ती हेच मनात घेऊन गेली, की तिच्या धाकट्याने एका माणसाला लंगडं केलं.

दादा : आईला मी सांगणार होतो.

धाकटा : कधी? चितेवर?

दादा : विचार कर जरा. गाड्या इथे कशासाठी येतात? आपल्याकडे ना छप्पर, ना यंत्रं. एक जॅक, चार ठोकळे, डबाभर रॉकेल आणि पोतंभर पाने. तरी तीनशे मैलांवरून येतात, ते ह्या कानासाठी येतात. कान गेला हे कळलं असतं तर दोन्ही घरांच्या चुली विझल्या असत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझा हात ढिला म्हटलं, तर गेलं काय? तुझं नाव. काम तर राहिलं ना?

धाकटा : चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाने आभार मानायचे. वा रे दादा!

दादा : मला काय वाटत नव्हतं, असं समजू नकोस. सगळं माझ्या आत आहे.

धाकटा : आत ठेवून काय उपयोग? आता ऐक. माझ्या तोंडाकडे बघ. ह्या गाडीच्या पिनियनचे दाते जातायत. गियरमध्ये होती तेव्हा चार हातांवरून ऐकलं मी. जात्यात खडे भरडल्यासारखा आवाज होता. संध्याकाळी हा सोळा टन सळया भरून घाट उतरणार आहे. मधेच मागचा एक्सल जाम झाला तर काय होईल, ते तुला मी सांगायला नको. तो आला की त्याला सांग.

दादा : काय सांगू?

धाकटा : एवढंच, की तुला ऐकू आलं नाही.

दादा : हे बघ, मी म्हणेन की सावकाश ने, पुढच्या गावात एकदा दाखव...

धाकटा : दादा!

ड्रायव्हर : काय मिस्त्री, भावाभावांची जुंपलेली दिसते. चला, उतरवा गाडी. माल भरायला उशीर होतोय.

धाकटा : गाडी नेऊ नका. पिनियन गेलाय.

ड्रायव्हर : कोण म्हणतं?

धाकटा : मी म्हणतो.

ड्रायव्हर : ढिल्या, तू आपला जॅक सांभाळ. मिस्त्रींनी आत्ता माझ्यासमोर सळई लावली. शाबूत म्हणाले. हो ना, मिस्त्री?

धाकटा : सांग, दादा.

ड्रायव्हर : मिस्त्री?

दादा : हो. म्हणालो होतो.

ड्रायव्हर : झालं तर मग.

धाकटा : दादा, बघतोयस ना? मी खरं बोललो तरी ह्यांना खोटं वाटतंय. माझ्या शब्दाची अशी माती तू केलीस. आता तुझाच शब्द लागेल. एकदा बोल. दोन वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही.

ड्रायव्हर : ह्याला आज झालंय काय?

दादा : काही नाही. डोकं तापलंय उन्हाने. तू बस गाडीत.

धाकटा : ठीक आहे.

ड्रायव्हर : अरे, खाली कुठे शिरतोस? पाना कशाला लावतोस? ए ढिल्या! मिस्त्री, बूच उघडतोय तो! तेल सोडलं सगळं! अहो, तुमची रीत आहे ना, सळई लागली की पाना लागत नाही? आवरा ह्याला!

दादा : ए, ऊठ! लाज आहे का? मी पास केलेली गाडी उघडतोस?

ड्रायव्हर : नव्या तेलाचा सत्यानाश केलास की रे, हरामखोरा! बाहेर ये, दाखवतो तुला!

धाकटा : येतो. मारायचं तर मारा, पण आधी हे बघा. फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक आहे, तेलाखाली धरलं होतं. काय चिकटलंय?

ड्रायव्हर : कीस आहे. लोखंडाचा.

धाकटा : आणि हा कीस नाही, तुकडा आहे. पिनियनचा दाता. बोटाने चाचपून बघा. कड अजून धारदार आहे, म्हणजे आजकालच तुटलाय. पिनियन अजून पंचवीस मैल टिकला असता, फार तर.

ड्रायव्हर : अरे देवा. घाट बाविसाव्या मैलाला लागतो.

धाकटा : हो.

ड्रायव्हर : घरून निघताना बायको म्हणाली होती, आज नका जाऊ, म्हणून. तिलाच ओरडलो मी. मिस्त्री, आणि तुम्ही तर म्हणालात, शाबूत आहे!

(बुचाच्या भोकातून उरलेलं तेल डब्यात ठिबकत राहतं.)

ड्रायव्हर : मिस्त्री, तुम्हाला विचारतोय.

दादा : मीच सांगितलं त्याला.

ड्रायव्हर : काय?

दादा : बूच उघडायला मीच सांगितलं. तू तोंड धुवायला गेलास तेव्हा पुन्हा एकदा सळई लावली. शंका आली. पण नुसतं सांगून तू ऐकला असतास? तुम्ही लोक घाईत असता. म्हटलं, दात्याचा तुकडाच हातात ठेवू. म्हणून भावाला पुढे केलं आणि मी वरवर हो म्हटलं.

ड्रायव्हर : म्हणजे आत्ताचं सगळं नाटक?

दादा : तसंच समज.

ड्रायव्हर : कमाल आहे तुमची, मिस्त्री! हात द्या, पाया पडतो. काय कान म्हणावा की काय! पोरांना सांगेन मी, त्या मिस्त्रीच्या कानामुळे बाप जिवंत आहे. आणि ढिल्या, तुला शिव्या दिल्या, मनावर घेऊ नको. असा मोठा भाऊ पाठीशी आहे म्हणून तुझं भागतंय. दादाचे उपकार मान.

धाकटा : मानतो.

ड्रायव्हर : मी केबिनमधून मालकाला फोन लावतो. दोन दिवस तरी लागतीलच ना, मिस्त्री?

दादा : दोन पुरतील. क्राऊन-पिनियनची जोडी मागव. उरलेलं आम्ही दोघं बघतो.

धाकटा : दादा.

दादा : त्याचं तोंड बंद झालं ना? मग झालं. गाडीही वाचली, कामही राहिलं. तू कशाला फुगतोस? तो ठोकळा सरकव इकडे.

धाकटा : मी उद्यापासून येणार नाही, दादा. इथलं कोणतंच काम करणार नाही. तू खाली वाकलायस, बघत नाहीयेस माझ्याकडे, माहीत आहे मला. मुद्दाम आत्ता सांगतोय. तोंडावर सांगितलं तर तुला काहीतरी बोलावं लागेल, आणि तू पुन्हा खोटं बोलशील. ते मला ऐकवणार नाही.

ड्रायव्हर : मिस्त्री, इकडे बघा! ढिल्या काय म्हणतोय मघापासून?

दादा : काही नाही, पाना मागतोय. देतो त्याला.