फोनवरून बंद केलेला कॉक

दिनांक १६/०५/२०२४

मी अंबिका बिभीषण देवकाते, वय ३६ वर्षे, व्यवसाय खाजगी नोकरी (कारखान्यात माल तपासणी), राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर. आज रोजी ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, माझे वडील खंडेराव मल्हारी शिंगाडे, वय ६९ वर्षे, हे पडेगाव येथील राहत्या घरातून रविवारी संध्याकाळपासून निघून गेले आहेत. त्यांना साखरेचा आजार असून सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घ्यावे लागते. इंजेक्शने घरातील फ्रिजमध्ये तशीच आहेत.

आम्ही मूळचे मेंढपाळ. पडेगावच्या माळावर पूर्वी आमची मेंढरे चरत असत. माळावर प्लॉट पडले तेव्हा वडिलांनी मेंढरे विकून त्याच माळावर दोन खोल्या बांधल्या. माझी आई मंजुळाबाई मागील वर्षी वारली. त्यानंतर वडील एकटेच राहतात. माझ्याकडे या म्हटले तर दुसऱ्या मजल्यावर जीव घुसमटतो म्हणतात.

दिवाळीनंतर वडिलांनी एकदा गॅस चालू ठेवून बाहेर जाऊन गप्पा मारल्या. शेजारीण शहजादी हिला वास आला म्हणून निभावले. माझी नोकरी शिफ्टची असल्याने मला रोज पडेगावला जाणे जमत नाही. म्हणून मी व माझे पती बिभीषण यांनी घरात यंत्रे बसवली. विजेच्या मीटरच्या वायरला वीज मोजणारा चिमटा, सिलिंडरखाली वजनाची चकती, टाकीच्या झाकणाला आतून पाण्याची पातळी बघणारा सेन्सर आणि टाकीखालच्या पाइपला मोटरचा कॉक. हा कॉक फोनवरून उघडतो व बंद होतो. सर्व आकडे माझ्या फोनवर दिसतात.

यंत्रे बसवताना वडील शिडी धरून उभे होते. ते म्हणाले, "अंबे, आता माझ्या हगण्यामुतण्याचाबी हिशेब ठिवतीस व्हय?" आम्ही सगळे हसलो. हवालदार साहेबांनी हे लिहिण्याची गरज नाही असे सांगितले, परंतु मी लिहायला सांगितले, कारण त्यानंतर आम्ही तिघे एकत्र हसलेलो नाही.

यंत्रे बसवल्यावर मला फार हायसे वाटले. सकाळी गॅस थोडा उतरला की वडिलांचा चहा झाला, पंखा बंद झाला की ते बाहेर गेले, हे मला कारखान्यात बसून कळत असे. त्यामुळे माझे फोन कमी झाले. विचारायला काही उरत नसे.

यंदा उन्हाळा फार कडक आहे. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते आणि पडेगावला वडिलांची टाकी टँकरवर भरते. रविवारी दुपारी मी क्रांती चौकात खरेदीला गेले असता फोनवर पाणी जास्त वाहत असल्याची सूचना आली. टाकी झपाट्याने उतरत होती. वडिलांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. गॅससारखाच नळही चालू राहिला असेल असे समजून मी जागेवरूनच कॉक बंद केला. पातळी थांबली. पाणी वाचवले म्हणून मी खूश झाले व पतीला तसे कळवले.

थोड्या वेळाने वडिलांचा फोन आला. ते म्हणाले, "अंबे, पाणी गेलं बघ. आपल्या कचरूची मेंढरं आल्यात, निम्मी पिऊन झाली, निम्मी तशीच उभी हायत." कचरू हा वडिलांचा चुलत पुतण्या. तो दरवर्षी कळप घेऊन जाताना वडिलांच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर थांबतो. वडील मेंढरांना पाणी पाजतात, माणसांना भाकरी घालतात. आमच्यात पाण्यावर आलेला कळप कोणी माघारी लावत नाही.

मला हे माहीत होते. परंतु मला ऊन लागले होते व राग आला होता. मी म्हणाले, "कॉक मीच बंद केलाय. विकतचं पाणी मेंढरांना नाही. त्यांना सांगा दुसरीकडं बघा."

वडील नेहमी फोनचा स्पीकर चालू ठेवून बोलतात, कारण त्यांना कमी ऐकू येते. हे मला माहीत असून त्या वेळी लक्षात आले नाही. कचरू, त्याची बायको भागूबाई व इतर माणसे समोर उभी होती. त्यांनी माझे बोलणे ऐकले. वडील एवढेच म्हणाले, "बरं बाय." परक्या बाईला म्हणावे तसे बाय त्यांनी मला याआधी कधी म्हटलेले नाही.

संध्याकाळी राग उतरल्यावर मी कॉक उघडला. फोन केला नाही, लाज वाटत होती. टाकीची पातळी नंतर हलली नाही. सोमवारी, मंगळवारीही तीच. गॅस तेवढाच, वीज फक्त फ्रिजची. वडील रुसून काटकसर करत आहेत असा माझा समज झाला. बुधवारी सकाळी फोनवर संदेश आला की, या आठवड्यात आपण चांगली बचत केली, अभिनंदन.

त्याच दिवशी मी पडेगावला गेले. घराला कुलूप होते, किल्ली शहजादीकडे होती. वडिलांचा फोन आत खुंटीला पिशवीत होता. शहजादी म्हणाली, "मामा तो इतवारकूच गये, मेंढरांसंगं. जाताना बोलले, अंबीला कळवू नको, तिला घरबसल्या समदं दिसतंय. मेरेकू लगा तेरेकू मालूम है." तिची यात काही चूक नाही.

कचरूचा फोन लागत नाही. कळप दौलताबादच्या रस्त्याने गेला एवढेच लोक सांगतात. वडिलांचे वर्णन: रंग सावळा, अंगाने सडपातळ, पांढरा सदरा, धोतर, डोक्याला लाल फेटा, डाव्या पायाच्या अंगठ्याला न भरलेली जखम. ते त्याच पायाने चालत गेले आहेत. मला फार भीती वाटते.

सध्या कॉक उघडा आहे. घरामागे घमेली भरून ठेवायला मी शहजादीला सांगितले आहे. आज सकाळी टाकी उतरल्याची सूचना आली. वडील परत आले असे समजून मी कामावरून तशीच रिक्षाने पडेगावला गेले. घमेल्यांवर शहजादीच्या शेळ्या होत्या. तिथूनच मी ठाण्यात आले.

माझा जबाब मला मराठीत वाचून ऐकवला. त्यात वडील 'किरकोळ कारणावरून' निघून गेले असे लिहिले होते. किरकोळ हा शब्द मी खोडायला लावला. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
अंबिका बिभीषण देवकाते