अबोलीमावशीची मास्तरीण

कुणी शिकवताना कानावर पडलं की निवृत्त शिक्षिका सुलभाबाईंना ऐकत बसल्याशिवाय राहवत नसे. अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघताना शेजारी शिकवणी चालली होती. शिकवणारी आठ वर्षांची, शिकणारी पंचविशीतली.

"अबोलीमावशी, नॉट लाइक दॅट! आवाज घशातून काढ."

"गुळण्या केल्यासारखं वाटतं गं, सिया."

"आमच्या फ्रेंच शाळेत सगळे तसंच बोलतात. पण तुला कशाला हवंय फ्रेंच?"

"इथल्या व्हिसाच्या लॉटरीत तिन्ही वेळा माझं नाव लागलं नाही. कॅनडात फ्रेंच येणाऱ्यांना कायमचं राहायला लवकर मिळतं."

"म्हणजे परीक्षा पास झालीस की तू जाणार?"

"हो, राणी."

"देन आय वोन्ट टीच यू."

"मग नापास होईन आणि पुण्याला परत जावं लागेल."

"पुणं किती लांब आहे?"

"विमानानं अख्खा दिवस."

"आणि कॅनडा?"

"विनिपेगला तुझ्या बाबांच्या गाडीनं सात तास."

तेवढ्यात सुलभाबाईंचं नाव पुकारलं. त्यांनी मागच्या गृहस्थांना हातानंच 'तुम्ही आधी जा' म्हणून खुणावलं.

"ओके," सिया म्हणाली. "घशातून. अगेन!"