तांब्याचा मनोरा आणि गुऱ्हाळाचा जाळ

कराड, मार्च १९४५, शुक्रवार दुपार. हजर: सांगणारे बाबालाल कल्हईवाले, त्यांच्या घरच्या जैनबी, भट्टीला जाळ घालणारे गणपतराव, आणि लिहून घेणारा मी.

आमी मूळचे उंब्रजचे, बा कल्हई करत गावोगाव फिरायचा, मी पण भाता वडतच मोठा झालो, भांडी सोडून दुसरं काई करीन असं कवा वाटलं न्हवतं. पण लढाईत पेट्रोल मिळंना, तवा साखर कारखान्याच्या मळीपासनं स्पिरिट काढायची भट्टी इथं निघाली, आन् तिचा तांब्याचा मनोरा माझ्या हातनं झाला. काय सांगू तुम्हाला, त्या नादात घरची पातेली बिनकल्हईची ऱ्हायली. जैनबी म्हणते, अजून हायेत.

मनोऱ्यात भोकांच्या ताटल्या, एकीवर एक. खाली आंबवलेली मळी उकळली की वाफ वर निघती, तिच्यात पाणी बी असतंय आन् स्पिरिट बी. स्पिरिट लवकर उडणारं, ते वर जातंय. पाण्याची वाफ ताटलीवर निवती, तिचं परत पाणी हुतंय आन् खाली गळतंय. दर ताटलीवर हेच, हेच, आन् माथ्यावर पोचतं ते बहुतेक स्पिरिटच. तिथनं गार पाण्यातल्या नळीत उतरलं की झालं.

पण पहिला माल वाटीत धरून काडी लावली तर पेटंना. पाणचट. दुसऱ्यांदा बी तसंच. भट्टीचे मालक म्हणाले, बाबालाल, तुझ्या ताटल्या चुकल्या, उद्या मनोरा उतरवतो आन् तांबं मोडीत घालतो. लोक म्हणणार, कल्हईवाल्याला कुणी सांगितलं हुतं मनोरे बांधायला?

तेवढ्यात भट्टी बघायला पुण्याचे मिस्त्री आले, मनोऱ्याला कान लावला, आत सगळं खदखदा उसळत हुतं. खाली बघत्यात तर हा आमचा गणपत, जलम गुऱ्हाळात गेलेला, जाळात उसाची चिपाडं कोंबतोय. मिस्त्री म्हणाले, अरं, एवढा जाळ कशाला? तर म्हणतो, आवं, गुळाची काहील खदखदली न्हाई तर मी जाळ घालणारा कसला! मिस्त्री हसले, गड्या, हितं गूळ करायचा न्हाई, वाफ एवढ्या जोरानं सुटली तर पाण्याला माघारी यायला वाटच ऱ्हात न्हाई, ते बी वर चढतंय.

गणपत बसलाय समोर, विचारा त्याला. म्हणतो, निजल्यावानी जाळ माझ्यानं बघवत न्हाई.

चिपाडं वडून काढली, जाळ मंद केला, नळीला थेंब थेंब लागला. मी काडी लावली. निळी ज्योत, वाटी कोरडी हुईस्तवर जळली! मालकांनी दुसऱ्या मनोऱ्याचं तांबं धाडलं.

अल्लाची मेहेर, बरं चाललंय. गणपतला रोज शिव्या घालत चा पाजतो. नव्या मनोऱ्याच्या ताटल्या झाल्यात, एकीची भोकं पाडायची हायेत, तवा आता उठू द्या मला.