खाडीवरचं दुसरं शहर

(अल्जेरियाच्या वाळवंटातल्या खोऱ्यातलं गाव, बेनी इस्गेन. शुक्रवारची दुपार. मारिमाच्या मांडीवर टॅब, शेजारी आजी. बाहमेद दूर उत्तरेच्या, समुद्रकाठच्या ओरान शहरातून फोनच्या स्पीकरवर. त्याच्याही समोर तोच खेळ.)

मारिमा : वाहून गेलं! बाहमेद, लाल्याचं शहर वाहून गेलं! नदीला पूर आलाय बघ!

बाहमेद : बघतोय, बघतोय! कोठार गेलं, भिंत गेली, अर्धी वस्ती साफ! आणि आपलं?

मारिमा : आपल्याला थेंबसुद्धा लागला नाही!

आजी : लागेल कसा? कातळावर बसवलंय. मी सांगितलं होतं.

बाहमेद : आजी, सांगितलं मी होतं. तू झोपली होतीस.

आजी : डोळे मिटून ऐकत होते. आणि तुला तरी कोणी शिकवलं? दुकानात कापड मोजता मोजता शिकलास होय?

मारिमा : खरं सांगू? तेव्हा मला तुझा इतका राग आला होता ना! नदीकाठची मऊ माती समोर, आणि हा शहाणा चार डाव माणसांना उन्हातून चालवतोय. का, तर म्हणे कातळ शोधायचाय!

बाहमेद : मातीवर घर बांधायला माझा हातच होत नाही गं. खजुरांची जागा ती.

मारिमा : जगात इतके लोक हा खेळ खेळतात. उघडा दगड बघून हरखणारा तू एकटाच असशील.

आजी : पण हा लाल्या कोण? कुठल्या घरचा?

मारिमा : कुठल्याच नाही, आजी. त्याच्या बाजूने यंत्रच खेळतं. हिरवे ते आम्ही दोघं, मिळून. एक डाव मी, एक डाव हा.

आजी : मिळून म्हणे! लग्नाला अजून दोन महिने आहेत.

बाहमेद : म्हणून तर तुला बसवलंय ना राखणीला! आणि आजी, तू माझ्या आईची आई. जरा माझ्या बाजूने बोलत जा की.

मारिमा : माझ्या बाबांचीही आईच आहे ती. गप बस आणि दुसरं शहर कुठे वसवायचं ते सांग. तांडा तयार होऊन वेशीबाहेर उभा आहे.

बाहमेद : समुद्रावर! त्यात विचार कसला? वर उत्तरेला ती खाडी बघ. मासे आहेत, बंदर होईल, मागे डोंगराची भिंत. बघताक्षणीच मी मनात म्हटलं, हीच!

मारिमा : राजधानीपासून नऊ घरं लांब आहे.

बाहमेद : असू दे ना. माल येत राहील की इकडे.

मारिमा : अरे, थांब! लाल्याचा तांडाही तिकडेच निघालाय! पूर आला तशी अक्कल आली त्याला.

बाहमेद : कुठवर पोचला?

मारिमा : खाडी सात घरांवर आली त्याला.

बाहमेद : मेलो! नाही, थांब, खिंड आहे. खिंडीतून गेलं तर आपल्याला सहाच पडतात. हा डाव माझा ना? हे बघ, घातला तांडा खिंडीत.

आजी : खिंडीत पाणी आहे का?

मारिमा : आजी, या खेळात तहान लागत नाही.

आजी : मग हे कसले प्रवासाला निघालेत?

मारिमा : माझा डाव. दोन घरं… आले बाहेर! समोर उतार! बाहमेद, निळं दिसायला लागलं!

बाहमेद : लाल्या?

मारिमा : तीन घरांवर. चल, चल, तुझा डाव!

बाहमेद : एक… दोन… पोचलो! खाडीवर आहोत! मारिमा, आपण आधी पोचलो!

मारिमा : अय्या, पोचलो! आजी, पोचलो आम्ही!

बाहमेद : आता डाव तुझा. वसव पटकन. या डावात नाही वसवलं तर तो शेजारी येऊन बसेल आणि खाडी गेली म्हणून समज.

आजी : थांब गं. ते चित्र मोठं कर. ही सगळ्यांत पुढे, डोक्यावर बोचकं घेतलेली, ती बाई आहे का?

मारिमा : हो, बाईच आहे.

आजी : कुठे चालली ती?

मारिमा : शहर वसवायला.

आजी : पुरुषांबरोबर?

बाहमेद : तांड्यात सगळेच असतात, आजी. बायका, पोरं, शेळ्या. त्यांच्याशिवाय शहर कसं वसेल?

मारिमा : काय म्हणालास? परत म्हण.

बाहमेद : काय म्हणालो? दाब ना बटण!

मारिमा : नाही दाबत.

बाहमेद : म्हणजे?

मारिमा : म्हणजे मी दाबेपर्यंत लाल्याही हलत नाही आणि तूही हलत नाहीस. आता ऐक. मार्चमध्ये गावच्या सामूहिक लग्नात बावीस नवरदेवांच्या रांगेत, सगळ्यांसारखाच पांढरा पोशाख घालून तू बसशील. आधी तर मी तुला ओळखायचं कसं हाच प्रश्न आहे. ओळखलंच, तर आठवड्याभरात तू ओरानला पसार. आणि मी? तुझी आई परवा शिंपिणीला सांगत होती, सून इथेच खोऱ्यात राहणार म्हणून. शिंपिणीला कळलं, मला नाही!

बाहमेद : मी विचारणारच होतो तुला.

मारिमा : कधी?

बाहमेद : आईशी बोलून झालं की.

मारिमा : आणि आईशी कधी?

बाहमेद : …हे दुसरं शहर वसलं की.

मारिमा : ऐकलंस, आजी? पुरात शहर वाचवणारा हा वीर!

बाहमेद : हस, हस. मारिमा, मला तू इथे हवी आहेस. दुकान बंद झालं की या घरात बोलायला भिंतीशिवाय कुणी नसतं. सोमवारपासून मी शुक्रवारच्या खेळाची वाट बघतो. पण आईसमोर तोंडच उघडत नाही माझं. तिचं एकच ठरलेलं. नवरे तिकडे, बायका गावात; माझी आई राहिली, मी राहिले, सुनेला काय झालंय?

आजी : माझं नाव पुढे करते ती?

बाहमेद : दर वेळी. म्हणते, आजी सदतीस वर्षं राहिली, तोंडातून चकार शब्द काढला नाही.

आजी : नाही काढला, खरं आहे. मला विचारलंच कुणी नाही.

मारिमा : आजी…

आजी : तू थांब. बाहमेद, तू राहतोस ते घर तुझ्या आजोबांचंच ना? दुकानाच्या वरचं?

बाहमेद : हो, तेच.

आजी : तिथून समुद्र दिसतो का रे?

बाहमेद : दिसतो की. खिडकी उघडली की समोरच. सकाळी तर सगळी खोली उजळून जाते.

आजी : अकरा महिने ते तिकडे, एक महिना इकडे. आले की मला दुकानातलं एकेक गिऱ्हाईक सांगायचे. कोण घासाघीस करतं, कोणाची बायको नखरेल. मला त्या गल्लीतली सगळी माणसं पाठ होती.

बाहमेद : आणि समुद्र?

आजी : समुद्राचं कधी बोलले नाहीत.

मारिमा : आजी, अगं, रडू नको ना.

आजी : रडत नाहीये मी. बाहमेद, फोन ठेवलास की तुझ्या आईला माझ्याकडे पाठव. माझं नाव घेते ना, मग माझं ऐकूनही घेईल.

बाहमेद : खरंच, आजी? आत्ता पाठवू? आजच?

आजी : आजच. आणि तू काय बघत बसली आहेस, मारिमा? ती बाई कधीची बोचकं डोक्यावर घेऊन उभी आहे. उतरू दे तिला.