दिरासाठी मुली गाळताना

मी कधी चिडत नाही असं तुम्ही म्हणता ना, मग रविवारचं ऐका. सासऱ्यांनी दिरासाठी मुलींची एक्सेल शीट उघडली. वर आडवी मुलींची नावं, खाली वय, रंग, स्वयंपाक.

"बेटा, याले फिल्टर लागूनच नाही राहिला."

"बाबा, फिल्टर फक्त ओळी गाळतो. तुम्ही मुली रकान्यांत मांडल्या. फॉर्म्युला लिहावा लागेल."

"हव, लिही. गोरी पाहिजे, स्वयंपाक येणारी, पंचविसाच्या आतली."

लिहिता लिहिता तिसऱ्या रकान्यात माझंच नाव दिसलं. शीट आमच्या लग्नाच्या वेळचीच होती. माझ्या रंगासमोर लिहिलं होतं, 'सावळी, पण चालून जाईल.' माझे कान तापले. शेजारी चहा पीत बसलेल्या नवऱ्याला मी ते दाखवलं.

"पुरानी फाइल आहे यार, दिल पे मत ले," तो म्हणाला.

मी शीटच्या शेवटी एक रकाना वाढवला, त्यात नवऱ्याचं नाव, वय, रंग, स्वयंपाक, सगळं खरं खरं भरलं आणि फॉर्म्युला पुरा करून एंटर दाबलं. अटींत बसलेली नावं खाली आली.

सासरे चष्मा सावरत म्हणाले, "आमचा पोट्टा काहून नाही आला यात?"

"अटी तुमच्याच आहेत, बाबा. हे तिन्हींत नापास झाले."