कोंडाजीच्या कपड्यांचा वास

नाव चिमाजी राघू काळोखे, वय ३८, धंदा नोकरी, राहणार दापोडी, रेल्वे फाटकाजवळ, तालुका हवेली, जिल्हा पुणे.

तारीख १२ मार्च १९५७ रोजी चौकीवर स्वतः हजर राहून सांगतो की, चिंचवड शिवारात विजेच्या मोटारी बनवण्याचा कारखाना आहे, तेथे परीक्षण खात्यात मी मिस्त्री आहे. कोंडाजी गेनू कुऱ्हाडे, राहणार आळंदी, हा माझ्या हाताखाली काम करतो. तो माझ्या नात्याचा नाही. त्याच्यावर दारूबंदीच्या कायद्याखाली दारू पिऊन कामावर आल्याचा गुन्हा नोंदला आहे, असे मला काल कळले. त्याबद्दल मी आपण होऊन आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही.

आमचे काम काय ते जमादारांनी विचारले म्हणून सांगतो. मोटार चालू झाली की आसपासच्या रेडिओत खरखर येते. ती किती येते हे मोजल्याशिवाय लष्कराचे वायरलेस खाते माल घेत नाही. त्यासाठी कारखान्याच्या मागे मोकळ्या मैदानात लाकडाचा गोल फिरता चौथरा केला आहे. त्यावर मोटार ठेवतात. समोर लांब लाकडी खांब आहे, त्यावर एरियल दोरीने वरखाली होते. खोपटात आमच्या खात्याचे दातार साहेब कानाला यंत्र लावून बसतात व फडके दाखवून खूण करतात. मोटार जागेवर बसवणे, तिची वायर सरळ खाली सोडणे, एरियल चढवणे ही कामे माझी. चौथऱ्याखाली दगडी खळगा आहे, त्यात बसून चौथरा हाताने फिरवणे हे कोंडाजीचे.

मैदानावर खडूचे रिंगण आहे. त्यात लोखंड, पितळ काही चालत नाही, मोजणी बिघडते. म्हणून रिंगणात जाणाऱ्याची झडती मी रोज घेतो. किल्ल्या, चाकू, चुन्याची डबी सगळे बाहेर ठेवायला लावतो. कोंडाजी रोज कुरकुर करतो, "मिस्त्री, आता धोतर बी सोडू का?" तो माळकरी आहे. गळ्यातली तुळशीची माळ तेवढी लाकडाची म्हणून आत जाते.

तारीख ८ रोजी सकाळी मी त्याची अशीच झडती घेतली. कमर, खिसे, मुंडासे चाचपले. बाटली वगैरे काही नव्हते. खळग्यात उतरताना त्याने माझा खांदा धरला, तोंड माझ्या तोंडाजवळ होते. तंबाखूचा वास होता, दुसरा नव्हता.

त्या दिवशी मोटार नेहमीपेक्षा जड होती. चौथरा ज्या खिळीवर फिरतो ती पूर्वी लोखंडाची होती. मोजणीत फरक येतो म्हणून दातार साहेबांनी ती आदल्या आठवड्यात काढायला सांगितली व मी बाभळीची बसवली. "जड मोटारीला पेलेल का?" असे मी विचारले होते. "बाभूळ आहे, पेलेल," असे साहेब म्हणाले. मलाही तसेच वाटले.

अकराच्या सुमारास खिळी मोडली. चौथरा एका अंगाला कलला आणि कोंडाजीचा उजवा हात कड व दगड यांच्यामध्ये सापडला. साहेब खोपटातून धावत आले. त्यांनी खांदा लावून चौथरा उचलला, मी कोंडाजीला ओढून काढले. चार बोटांचा चेंदा झाला होता. मैदानावर औषध नाही. खोपटाच्या कपाटात यंत्राचे सांधे पुसण्याचे स्पिरिट असते. मी ती बाटली आणून त्याच्या हातावर ओतली. घाईत निम्मी बाटली त्याच्या सदऱ्यावर व धोतरावर सांडली. तो ओरडला, "चिमाभाऊ, कसला वास हाय ह्यो? माळ धरा माझी, माळेवर उडतंय!" मी म्हणालो, "औषध हाय, गप ऱ्हा." पण माळ बाजूला धरली नाही. ते मला सुचले नाही.

साहेब त्याला मांडीवर घेऊन जीपमधून इस्पितळात गेले. ते माणूस वाईट नाहीत. खिळी काढायला त्यांनीच सांगितले आणि चौथराही त्यांनीच उचलला. दोन्ही खरे आहे, दोन्ही लिहावे. दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर आहेत.

डॉक्टरांनी कपड्यांना दारूसारखा वास येतो असे लिहिले. त्यात त्यांची चूक नाही, वास येतच होता. पण कारखान्याच्या मॅनेजरांनी पुढे लिहून दिले की कोंडाजी दारूच्या नशेत होता व त्याने चौथरा वेडावाकडा फिरवला. हे साफ खोटे आहे. त्यांच्या रिपोर्टात खिळीचे नावही नाही, असे कारकुनाकडून समजले.

काल मी इस्पितळात गेलो. कोंडाजीची चार बोटे काढली आहेत. दाराशी शिपाई बसवला आहे. आळंदीचे सोपानराव, जे त्यांच्या भजनात पुढे असतात, ते येऊन गेले होते. निकाल लागेपर्यंत गळ्यात माळ नको असे ते बोलले, म्हणून कोंडाजीने ती डाव्या हाताने काढून बायकोजवळ दिली. ती मंजुळाबाई मला म्हणाली, "हात गेला त्ये सोसंल दादा. पर ह्यांनी कधी थेंब घेतला न्हाई. आळंदीत तोंड कसं दावू?" कोंडाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला फार वाईट वाटले.

संध्याकाळी मॅनेजरांनी मला बोलावले. "चिमाजीराव, बाटलीचा विषय काढू नका. स्पिरिटाला सरकारी परवाना लागतो. ते पुसण्याच्या कामालाच वापरायचे आहे. तुमचीही नोकरी आहे. कोंडाजीला दंड झाला तर कंपनी भरेल," असे म्हणाले. मी मान डोलावून बाहेर आलो. घरी जेवण गेले नाही. दारूचा ठपका राहिला तर कोंडाजीला भरपाईही मिळणार नाही, असे शेजारच्या वकिलाच्या कारकुनाने सांगितले. तेव्हा माझे डोके फिरले व मी सकाळी इकडे आलो.

स्पिरिटाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते व बाटली माझ्या सहीने मिळते. परवान्याबाहेर वापर झाला असेल तर तो मी केला आहे. त्याचा जो गुन्हा होत असेल तो माझ्या नावावर घ्यावा, आणि कोंडाजीच्या नावावरचा काढावा.

वरील मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून ऐकवला. त्यात एके ठिकाणी "कोंडाजीच्या अंगाला दारूचा वास होता" असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावून "मी ओतलेल्या स्पिरिटाचा वास होता" असे करून घेतले व खोडल्या जागी सही केली. बाकी मी सांगितले तसेच आहे.

सही
चिमाजी राघू काळोखे