जावईबापूंनी पुसलेली स्थळं

काय सांगू बायांनो, आमच्या वधू-वर मेळाव्यात एकदा जबलपूरची सगळी कुवारी पोरं-पोरी गायब झाली होती! एका पोराचं लग्न ठरलं, म्हणून आमचे जावईबापू कम्प्युटरमधून त्याचं नाव काढायला बसले, अन् सगळ्यांचीच नावं पुसून बसले. हॉलमध्ये पार मझौली गावापर्यंतची माणसं वाट पाहून राहिली होती. मेळावा मोडला असता तर आमचं नाक कापलं गेलं असतं. पण जावयाला बोलायचं कसं?

नात मात्र बापावर ओरडली, "बाबा, काहून हात लावला?" मग मला म्हणाली, "आजी, घाबरू नको. मशीन आपलं प्रत्येक काम ओळीनं टिपून ठेवते. मी यादीची जुनी नक्कल घेते, त्यावर नंतरचं सगळं पुन्हा करवते, अन् बाबांनी पुसायच्या जरा आधी थांबवते."

चहा फिरेपर्यंत सगळी स्थळं परत! हॉलमध्ये टाळ्याच टाळ्या. नातीनं नावं वाचायला घेतली, तशी एक बाई ताडकन उठली. "अच्छा! आमचा ठरलेला जावई पुन्हा कुवारा कसा झाला जी?"

मी म्हटलं, "ताई, पुसायच्या आधीचे सगळेच परत आले, त्यात तोही आला. बदलून पाहिजे असंल तर आत्ताच सांगा, आज भरपूर पोरं आहेत!"